आपलं भुशाचं भांडण

अहो, तेराव्याचे पाहुणे गेले, मागून आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या, आणि मी खालच्या सुतारी कारखान्याचं कुलूप काढलं. माधवी जिन्यावरून ओरडली, "आई, कशाला जातेस तिथे आता?" मी दार आत ढकललं. तुमची लेक आहे ती, एक उत्तर दिलं की दुसरा प्रश्न तयार ठेवते.

आत भुसा तसाच होता. दवाखान्यात जायच्या आधी तुम्ही जी शेवटची शिसवी पट्टी यंत्रावरून फिरवलीत, तिचा. खिडकीच्या चौकटीवर, बल्बच्या वायरीवर, खुंटीवरच्या तुमच्या गमछ्यावर, सगळीकडे तो तपकिरी थर. लग्न होऊन सांगलीहून या घरात आले तेव्हापासून मी हा भुसा झाडते आहे. तुम्ही गेलात आणि हा मात्र मागे राहिला, हे बघून मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. पदर खोचला आणि आधी झाडू शोधला.

आपल्या दूधविनायक मोहल्ल्यातले सगळे येऊन सांगून गेले की तुमच्यासारखा देव्हारा काशीत कोणी करत नाही, तुमच्यासारखा शांत माणूस नाही. मी मान डोलावली. शांत होतातच तुम्ही, भांडण पुरं व्हायच्या आत उठून जाणारा माणूस शांतच दिसतो. माझं बोलणं अर्धवट टाकून "अगं, जरा घाटावर होऊन येतो" म्हणत तुम्ही किती वेळा चप्पल पायात सरकवलीत. या खेपेला मी तुम्हाला उठू देणार नाही. भुशाचं भांडण आपण आज पुरं करणार आहोत.

राउटर, ते लाकडाच्या कडा कोरणारं यंत्र, घरात आला तो दिवस आठवतो का? तोवर देव्हाऱ्याच्या कडांची नक्षी तुम्ही रंध्यानं आणि पटाशीनं काढायचात. तुम्ही ते यंत्र सुरू करून दाखवलंत, मग बंद करून टेबलाखाली उलटं टांगलंत. टेबलाला भोक, भोकातून वर आलेलं पातं, पात्याच्या मागे एक आडवी पट्टी. लाकूड त्या पट्टीला टेकवून पुढे सरकवायचं, की कडेला नक्षीची कोर उमटते. "बघ, यंत्र थमून राहतं, लाकूड चालतं," असं तुम्ही म्हणालात, आणि तुमचं मराठी ऐकून मी नेहमीप्रमाणे हसले. गच्चीला छत म्हणणारा आणि बटाट्याला आलू म्हणणारा नवरा मला मिळाला होता. आता माधवी मला हसते, मीही तसंच बोलते म्हणून.

मग तुम्ही मला बोलावलंत. चहा द्यायच्या पलीकडे या घरातली कुठलीच सून तोवर कारखान्यात गेली नव्हती. "उजवीकडून डावीकडे दे. हातातून लाकूड पळायला लागलं तर समज, उलटं दिलंस," तुम्ही सांगितलंत, आणि माझ्या हातावर हात ठेवून पहिली पट्टी माझ्याकडून करून घेतलीत. गल्लीत लोक काय म्हणतील याचा विचार तुमच्या मनात आलाही नसेल. पुढे अर्धे देव्हारे माझ्या हातचे झाले आणि गिऱ्हाइकांना तुम्ही ते खुशाल सांगायचात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी एक चांगला शब्द बोलले नाही. आता बोलते. मी या शहरात परकी राहिले नाही, ती त्या टेबलामुळे.

पण त्या टेबलाबरोबर उडणारा भुसाही आला. रंध्याचे छिलके जड असतात, खाली पडतात, चुलीला लागतात. राउटरचा भुसा उडतो. तो चौकातून जिना चढून वर यायचा, तांदळात, अंथरुणात, देवाच्या वस्त्रात. मी ओरडायची, तुम्ही गमछा नाकावर ओढायचात. "गमछा आहे ना! तू नाहक परेशान होतेस." त्या एका गमछ्यावर तुमचा जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवर असता तर.

एकदा माझं ऐकून खिडकीत पंखा बसवलात, भुसा बाहेर फेकायला. बाहेर म्हणजे कुठे, तर आपल्या गल्लीत, जिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. आणि नेमके समोरचे बापूशास्त्री अंघोळ करून शिंदे घाटावरून, ओल्या धोतरानं, तांब्यात गंगाजल घेऊन येत होते. पंखा सुरू झाला आणि शास्त्रीबुवा डोक्यापासून पायापर्यंत शिसवी झाले. जन्मभर वेद म्हटलेला माणूस त्या दिवशी जे बोलला ते हिंदीत बोलला, कारण मराठीत तेवढी सोय नव्हती. पुन्हा अंघोळीला जाताना मागे वळून वळून बोलत होते. तुम्ही पंखा उतरवलात आणि दिवसभर मला म्हणत राहिलात, "तुझा पंखा."

मग आला तो व्हॅक्यूम. मोठा, चाकांचा, भुसा ओढणारा. त्याचा पाइप तुम्ही टेबलाला बांधलात आणि खरोखर, पहिले काही दिवस मी तांदूळ निवडताना मला तांदूळच दिसले. मी खूश होते. नंतर काय बिनसलं कोण जाणे, एके दिवशी यंत्र सुरू केलंत तर त्याच्याच मागून पिठासारखी धूळ बाहेर यायला लागली, आधीपेक्षा जास्त. तुम्ही ते उचलून माळ्यावर टाकलंत. "बेकार आहे. पाइपनं काही होत नाही." त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तुमचं हेच उत्तर, "एकदा बघितलंय ना?" गेल्या पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी शिरून जुनं टेबल फुगलं आणि तुम्ही नवं करायला घेतलंत, तेव्हाही मी म्हटलं, आता खाली खोकं करून पाइपची सोय करू. वर्तमानपत्राच्या कडेला मी चित्र काढून दाखवलं. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून हसलात. "बंद खोक्यातून काय ओढणार तू? हवा यायला पण रस्ता पाहिजे." आणि गेलात घाटावर.

टेबलाचा वरचा तक्ता झाला, सागवानी पाय झाले, राउटर खाली टांगून झाला, तोवर तुमचा खोकला तुम्हाला जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबवायला लागला होता. डॉक्टरांनी ठाम काही सांगितलं नाही. घाटाचा धूर, थंडी, वय, भुसा, सगळ्यांची नावं घेतली. फुफ्फुसं कडक झालीयत, एवढंच खरं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून पुटपुटलात, "घे. शेवटी पाइप लावलाच तू मला." नर्स हसली. मला हसता आलं नाही. 'मी सांगत होते' हे वाक्य त्या दिवसांत रोज माझ्या ओठांवर आलं आणि रोज मी ते गिळलं. तुम्हीही 'तू सांगत होतीस' म्हणाला नाहीत. बरंच झालं. मला अशी जिंकायची नव्हती ही गोष्ट.

आता माधवीचं ऐका. तिचं म्हणणं, खालची खोली साडीवाल्याला माल ठेवायला द्यायची, वरचं घर बंद करायचं आणि मी तिच्याबरोबर पुण्याला जायचं. खोली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. मी म्हटलं, मला काम आहे. तर ती एकदम रडली. "कसलं काम? त्या भुशानं एकाला नेलं, आई. तू पण खोकतेस रात्रीची. मला कळत नाही असं वाटतं का तुला?" ती खोटं बोलत नव्हती. मी खोकतेच. पण पुण्याच्या बागेत बाकावर बसून मी काय करू, अहो? अर्धा झालेला देव्हारा खाली उभा आहे, कमान तुमची झालीय, चौकटीची कोर राहिलीय. ती दुसऱ्या कोणी केलेली मला चालणार नाही.

म्हणून मी तिच्याशी करार केला. टेबल पुरं करीन, भुसा धरून ठेवील असं. तू स्वतः परीक्षा घे. भुसा उडाला तर मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर येते, कुलूप तू लाव. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पक्का?" मी म्हटलं, पक्का.

माळ्यावरून व्हॅक्यूम तिनंच उतरवून दिला. मी त्याचं झाकण उघडलं, आतला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बाहेर काढला, आणि बघतच राहिले. कागद लाटांसारखा वाकडा, डिंकाची कड सुटलेली, एके ठिकाणी बोट जाईल एवढी फट. आणि घड्यांत भुसा नव्हे, करडी, मऊ, चमचमणारी रेती. ही रेती मी ओळखते. घाटावरून आलेल्या तुमच्या प्रत्येक धोतराच्या काठात ती असायची.

मी फिल्टर घेऊन तशीच समोर बापूशास्त्रींकडे गेले, ते रोज घाटावर असतात. त्यांनी तो लांबूनच ओळखला.

"अरे, हे! हे तर मी पाहिलंय, वहिनी. भैया शिंदे घाटावर साबण लावून हे धूत बसले होते. मी विचारलं, भैया, हे काय धुऊन राहिलात? तर म्हणाले, यंत्राचं सोवळं आहे."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी काय बोलणार? मी म्हटलं, चांगलं आहे. पायरीवर सुकवलं पण त्यांनी. मी नजर ठेवून होतो, माकडानं नेऊ नये म्हणून."

यंत्राचं सोवळं! अहो, कागद होता तो! गंगेत धुतलं की सगळं शुद्ध होतं हे तुमच्या घराण्याचं ठीक आहे, पण तो फिल्टर धुवायचा नव्हता, नुसता झटकायचा होता, फार तर नवा आणायचा होता. धुतल्यावर तो फाटला, फाटल्यावर धूळ आरपार जायला लागली, आणि तुम्ही निकाल देऊन टाकलात की पाइपनं काही होत नाही. मी शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बसून हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागले आणि मग थांबता येईना, शास्त्रीबुवा बिचारे पाणी आणायला आत पळाले. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी वर्षं, अहो. मला विचारलं असतंत तरी.

गोदौलिया चौकाच्या पुढे मशिनरीच्या दुकानातून नवा फिल्टर आणला. मग कामाला लागले. राउटरचा भुसा दोन वाटांनी जातो हे मला झाडूनच माहीत झालंय. अर्धा पात्याच्या मागे उडतो, अर्धा भोकातून खाली यंत्रावर पडतो. तेव्हा तोंडं दोन हवीत. आडव्या पट्टीच्या मागे, पात्याला अगदी चिकटून, एक छोटी पेटी करून तिला पाइप लावला. खाली राउटरच्या भोवती प्लायवूडचं खोकं केलं आणि त्याला दुसरा. दोन्ही पाइप एकत्र आणून आधी रंगाच्या रिकाम्या बादलीत सोडले, घट्ट झाकणाच्या. हवा बादलीत कडेनं आत शिरते, गोल फिरते, जड भुसा तळाला बसतो आणि फक्त बारीक धूळ पुढे व्हॅक्यूमकडे जाते. म्हणजे फिल्टर लवकर भरत नाही आणि कुणाला तो घाटावर न्यावा लागत नाही. पाइप आखूड ठेवला, वळणं कमी केली.

खोक्याच्या फटी मी पुट्टीनं बुजवल्या, दाराला रबराची पट्टी लावली. लोणच्याची बरणी बंद करणारी बाई मी, अर्धवट बंद करणं माझ्या हाताला माहीत नाही. माधवीनं आपली काळी ओढणी टेबलाशेजारच्या फळीवर पसरली, परीक्षा म्हणून. मी मास्क लावला, चष्मा लावला आणि देव्हाऱ्याच्या चौकटीची पट्टी पुढे सरकवली.

ओढणी तपकिरी झाली. राउटर तापला. खोक्याचं दार उघडलं तर भुसा आतच कोंडलेला, यंत्राच्या अंगावर बसलेला. माधवी फोनवर पुण्याची दोन तिकिटं बघायला लागली. ते मला फार लागलं.

मी स्वयंपाकघरात गेले, कांदे चिरले, फोडणी टाकली. थंडी म्हणून दार लावलेलं होतं. वर भिंतीतला धूर ओढणारा पंखा गरगर फिरत होता आणि मिरचीचा धूर जागचा हलत नव्हता. ठसका लागला म्हणून मी दार जरा ढकललं, तर सगळा धूर सरळ पंख्याकडे. कढई हातात धरून मी तशीच उभी राहिले. हवा यायला पण रस्ता पाहिजे. तुम्ही थट्टेत बोलला होतात, पण बोलला होतात बरोबर. मान्य. पाइपचं माझं खरं होतं आणि हवेचं तुमचं. दोघं एकदा तरी शांत बसून बोललो असतो तर हे टेबल तेव्हाच झालं असतं आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे असतात. याचं दुःख मला आयुष्यभर राहील, आणि ते मी लपवणार नाही.

भाजी गॅसवरून उतरवली आणि खाली जाऊन पाइपच्या समोरच्या बाजूला, खोक्याच्या दारात, तळाशी, एक आडवी फट कापली. पात्याभोवतालचं भोक मात्र लहान केलं. माधवीला हाक मारली. तिनं ओढणी झटकून पुन्हा पसरली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मी पट्टी सरकवली. बादलीत भुसा सरसरत गेल्याचा आवाज आला, आधी कधी न ऐकलेला. दुसरी पट्टी, तिसरी. यंत्र बंद केलं.

माधवीनं ओढणीवर बोट फिरवलं. मग उजेडात नेऊन पाहिली. "थोडा आहे," म्हणाली.

"थोडा राहणारच. म्हणून तर मास्क."

तिनं ओढणी झटकून खांद्यावर टाकली. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात तिची नजर माझ्या पायांकडे गेली. "आणि हे काय?"

मी पाटावर उभी होते. तुमचं टेबल तुमच्या उंचीचं, आणि मी तुमच्या खांद्याला लागायची. जमिनीवरून लाकूड सरकवताना माझे कोपर वर उचलले जातात, हातात जोर येत नाही. म्हणून जेवणाचा पाट घेतला होता.

"यावरून घसरलीस तर हात कुठे जाईल, विचार केलास? भुशाचं सोड," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "आई, बाबांचं टेबल बाबांच्या मापाचं आहे. तुझ्या नाही."

दुखवायला नव्हती बोलली. पण मी पाटावरून उतरले ती खालीच बसले. ते पाय म्हणजे तुमच्या हातचं शेवटचं काम, अहो. धाप लागत होती तरी तुम्ही प्रत्येक खाच इतकी नेमकी केली होतीत की खिळा लागला नाही. मी ठरवलं होतं, बाकी काहीही करीन, त्या पायांना हात लावणार नाही. पायांवरून हात फिरवला. सागवान थंडगार होतं. तुमची आठवण मला तेव्हा इतकी आली की नुसतं बसवेना.

मी उठले. प्लग काढला, राउटर सोडवला, जुनं कांबळं पसरलं आणि टेबल उलटं केलं. कमरेपासून माप घेतलं, चारी पायांवर पेन्सिलीनं रेघ मारली, करवत काढली.

"आई! बाबांच्या हातचे आहेत ते."

"माहीत आहे."

"मग?"

"मग मी काय जन्मभर पाटावर उभी राहू?"

पहिला पाय कापताना करवत रेघ सोडून जात होती. माधवी पुढे आली, गुडघे टेकून बसली आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. दोघीही रडत होतो, पण करवत सरळ चालली. चौथा पाय झाल्यावर टेबल उभं केलं. जरा डुगडुगत होतं, एक पाय कानशीनं घासला, बसलं. मग मी जमिनीवर, अनवाणी, त्याच्यासमोर उभी राहिले आणि कोपर अगदी जागेवर आले.

माधवीनं ओढणीनंच नाक पुसलं आणि फोन उचलला. "तिकीट एकच काढू ना?"

"एकच," मी म्हटलं.

उद्या सकाळी चौकटीची कोर पुरी करते. तुम्ही मात्र आता या टेबलाशी उभे राहू शकणार नाही, अहो. वाकावं लागेल तुम्हाला.